किशोरवयीन मूल दत्तक घेताना येणारे गणपती, दिवाळी आणि नाताळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की मुंबई-ठाण्यातल्या, बारा ते अठरा वयाचं मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. कायद्याचे उल्लेख बाल न्याय कायदा २०१५, त्यातली २०२१ची दुरुस्ती आणि दत्तक नियमावली २०२२ यांना धरून आहेत. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही दोघं पन्नाशीच्या पुढे आहोत. तेरा-चौदा वर्षांचं मूल मिळेल का?

मिळू शकतं. आठ ते अठरा वयाच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ११० पर्यंत चालते. एकट्या पालकासाठी मर्यादा ५५ वर्षांची. शिवाय मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. म्हणजे नवरा ५६ आणि बायको ५२ असेल तर बेरीज १०८ होते आणि चौदा वर्षांच्या मुलासाठी दोन्ही अटी पुऱ्या होतात. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. एकट्या बाईला मुलगा, मुलगी दोन्ही चालतं. या कायद्याखाली धर्माची अट नाही.

२. आत्ता नोंदणी केली तर दिवाळीपर्यंत मूल घरी येईल का?

तारीख मनात धरू नका. सगळी नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर होते. कागदपत्रं चढवल्यावर होम स्टडीसाठी, म्हणजे समाजसेविकेने घरी येऊन कुटुंबाची पाहणी करून अहवाल देण्यासाठी, साठ दिवसांपर्यंतचा अवधी असतो, आणि त्यातच गणपती, नवरात्र, दिवाळीच्या सुट्ट्या येतात. मोठ्या वयाच्या मुलांसाठी रांग तान्ह्या बाळांच्या मानाने खूपच लहान, हे खरं. पण अडतं ते बहुतेक वेळा आपल्याच कागदांवर: लग्नाच्या दाखल्यावर आणि पॅनवर नाव वेगळं, वैद्यकीय दाखला जुना, ओळखीच्या दोन व्यक्तींची शिफारसपत्रं अर्धवट. ही तीन कामं गणपतीआधी उरका, कारण मंडळ बसल्यावर शिफारस देणारे काका सापडत नाहीत. होम स्टडी अहवाल एकदा मंजूर झाला की तीन वर्षं चालतो, त्यामुळे ही दिवाळी हुकली तरी काम वाया जात नाही.

३. दिवाळीत संस्थेत फराळ घेऊन गेलो आणि एखादं मूल मनात भरलं, तर त्याच मुलाचं नाव सांगता येईल का?

नाही. संस्थेत फिरून मूल निवडणं ही पद्धत बंद झाली आहे. मूल पोर्टलमार्फतच सुचवलं जातं, आणि तेही बाल कल्याण समितीने त्याला दत्तकासाठी कायदेशीर मुक्त ठरवल्यानंतर. संस्थेतल्या बऱ्याच मुलांचे आई-वडील किंवा नातलग हयात असतात. ती दत्तकासाठी नसतातच.

फराळ जरूर द्या, पण देणगीदार म्हणून, संस्थेला आधी विचारून. दत्तक घ्यायचंय हे तिथे मुलांसमोर बोलू नका. चौदा वर्षांच्या मुलाला कोण आपल्याला न्याहाळतंय हे लगेच कळतं, आणि पाहुणे परत आले नाहीत की तो हिशोब त्याच्याच मनात राहतो. मधल्या कुणी ‘थेट मूल मिळवून देतो’ म्हटलं तर तिथून उठा. ठरलेली प्रक्रिया टाळून मूल देणं-घेणं हा कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि पैसे देऊन मूल घेणं हा कलम ८१ खाली त्याहून मोठा.

४. समाजसेविका होम स्टडीला नेमक्या गणपतीत येणार आहेत. घर पाहुण्यांनी भरलेलं असेल. पुढे ढकलावी का?

दीड दिवसाचा गणपती असेल तर विसर्जनानंतरची तारीख मागा; गौरी-गणपती असतील तर सातव्या दिवसानंतरची. कारण एवढंच की त्यांना घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलायचं असतं, आणि मोदकांच्या घाईत ते होत नाही. घर आवरण्याच्या भानगडीत फार पडू नका. मखर तिथेच असलं तरी बिघडत नाही.

किशोरवयीन मुलासाठी दोन गोष्टी नक्की विचारल्या जातात. झोपायची जागा कुठे? वन-रूम-किचनमध्ये वेगळी खोली नसते हे त्यांना माहीत असतं. पण पडदा ओढता येईल असा एक कोपरा आणि कुलूप लागणारं छोटं कपाट दाखवता आलं पाहिजे. दुसरी: घरात पाच वर्षांवरचं मूल असेल तर त्याची संमती. ही संमती आदल्या रात्री पढवलेली असेल तर पाच मिनिटांत उघडी पडते. नाराजी असेल तर ती बोलू द्या. अहवालात ‘थोरलीला काळजी वाटते, पालकांनी तिच्याशी बोलणं सुरू केलं आहे’ असं येणं हे खोट्या उत्साहापेक्षा कितीतरी बरं.

५. आम्ही गावी असताना रेफरल आला तर?

रेफरल, म्हणजे पोर्टलवरून मूल सुचवल्याचा निरोप, आल्यापासून मूल राखून ठेवायला ४८ तास मिळतात, आणि कोकणातल्या वाडीत नेटवर्क कधी जाईल याचा भरवसा नाही. निघण्यापूर्वी पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ईमेल चालू आहेत का ते तपासा. पासवर्ड दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, रेंज मिळेल तिथे जाऊन बघा. मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल (चाइल्ड स्टडी रिपोर्ट) आणि वैद्यकीय अहवाल वाचून कुणाला विचारायचं, तो डॉक्टर आधीच ठरवून ठेवा. दिवाळीत बालरोगतज्ज्ञही सुट्टीवर असतात.

राखून ठेवल्यावर संस्थेत भेट, दत्तक समितीची बैठक आणि मॅचिंग, म्हणजे हे मूल या कुटुंबाला असं ठरणं, हे सगळं तीस दिवसांत व्हायचं असतं. भाऊबीज झाल्यावर बघू म्हटलं तर त्यातले आठ दिवस तिथेच गेले.

६. मॅचिंग झालं आहे, मूल अजून संस्थेत आहे. चार दिवस दिवाळीला घरी आणता येईल का?

तोंडी परवानगीवर, ‘अधीक्षक ओळखीचे आहेत’ म्हणून, अजिबात नाही. संस्थेतल्या मुलाला रजा देण्याचा अधिकार बाल कल्याण समितीचा. कलम ९८ मध्ये त्यासाठी परीक्षा, नातलगाचं लग्न, जवळच्याचा मृत्यू, आई-वडिलांचं गंभीर आजारपण असे प्रसंग दिले आहेत आणि मुदत साधारण सात दिवसांपर्यंतची. सणासाठी होणाऱ्या पालकांच्या घरी पाठवणं त्या यादीत नाही.

सरळ वाट आहे ती दत्तकपूर्व संगोपनाची. मॅचिंगनंतर दहा दिवसांत, हमीपत्रावर सह्या करून, मूल अधिकृतपणे तुमच्या घरी येऊ शकतं. दत्तक आदेश नंतर होतो. हे दहा दिवस दिवाळीच्या तोंडावर येत असतील तर संस्थेच्या समाजसेविकेशी मोकळेपणाने बोला. आमचं मत विचाराल तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मूल घरी आणू नये. त्या दिवशी घर सजलेलं, शेजारी दारात, फटाके सुरू, आणि मुलाला अजून बाथरूमचा नळ कुठल्या बाजूला फिरतो तेही माहीत नाही. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी किंवा तुळशीच्या लग्नानंतर आणलेलं बरं.

७. नातेवाईकांना कधी आणि किती सांगावं?

आजी-आजोबा आणि रोज घरात येणारी माणसं: होम स्टडीपूर्वी. बाकीच्यांना मूल घरी येण्याच्या आठवडाभर आधी पुरे. गौरीजेवणाच्या पंगतीत जाहीर करू नका. तिथे प्रत्येकाला मत असतं.

सांगताना नाव, वय आणि ‘आमच्या घरी राहायला येणार’ एवढंच. मूल संस्थेत का होतं, आई-वडिलांचं काय झालं, ही माहिती मुलाची आहे. कुणी खोदून विचारलं तर ‘ते त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल’ हे वाक्य दोघांनीही पाठ करून ठेवा. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने टाळायचं, असं झालं की आत्या बरोबर पहिल्याला गाठते.

तीन गोष्टी आधीच बजावून ठेवा. ‘आई म्हण, बाबा म्हण’ असा आग्रह नको. काका-काकू किंवा नुसतं नाव, मूल म्हणेल ते. गालगुच्चे, मिठी, पाया पडायला लावणं नको. आणि ‘नशीब काढलंस बाई’ हे तर मुळीच नको. तेरा वर्षांच्या मुलीला ते उपकारासारखं ऐकू येतं.

८. मूल घरी आलं आहे. आरतीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर चालेल ना?

चेहरा, नाव, शाळा ओळखू येईल असा काहीही टाकू नका. कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलमात रोख प्रसारमाध्यमांवर असला तरी साठ जणांच्या ग्रुपवरचा फोटो संध्याकाळपर्यंत कुठे पोचतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतीचा फोटो काढा, मोदकांचा काढा. मुलाचे फोटोही काढा, भरपूर काढा, पण ते घरच्या फोनमध्ये ठेवा आणि छापून त्याला द्या. संस्थेत वाढलेल्या अनेक मुलांकडे स्वतःचे फारसे फोटो नसतात. आदेश झाल्यावरही त्याला विचारूनच टाका.

९. आदेश व्हायचा आहे. गणपतीला कोकणात नेता येईल का? तिकिटावर आडनाव कुठलं?

नेता येतं. जाण्याआधी संस्थेला लेखी कळवा: पत्ता, तारखा, तिथला फोन. ईमेल पुरतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या मिनिटांत भरतात, त्यामुळे मूल येण्याची शक्यता दिसत असेल तर एक तिकीट जास्तीचं काढण्यापेक्षा एसटीचा किंवा खासगी गाडीचा पर्याय मोकळा ठेवा. तिकिटावर तेच नाव टाका जे मुलाच्या ओळखपत्रावर आहे, म्हणजे जुनं. शाळेचं फोटो असलेलं ओळखपत्र चालतं. दत्तकपूर्व संगोपनाच्या कागदाची प्रत आणि संस्थेचा फोन नंबर सोबत असू द्या. आडनावं जुळत नसताना कुणी हटकलं तर तोच कागद कामी येतो. परदेशवारीचा विचार मात्र आदेश आणि पासपोर्टनंतर.

१०. पहिली दिवाळी किती थाटात करावी?

नेहमीच्या निम्म्या. आणि जे करायचं ते आदल्या संध्याकाळी सांगून. ‘उद्या पहाटे पाचला उठायचं, आधी आजोबांची आंघोळ, मग तुझी, साडेसातला फराळ, दहाला मावशी येईल, बाराला जाईल.’ संस्थेत दिवस घंटेवर चालतो. कधी काय होणार हे माहीत नसणं या मुलांना मोठ्या माणसांपेक्षा जास्त जड जातं.

अभ्यंगस्नान हा पहिला खाचखळगा. घरातल्या मोठ्या बाईने तेल लावणं, उटणं चोळणं आपल्याला मायेचं वाटतं. ओळख होऊन तीन आठवडे झालेल्या किशोरवयीन मुलाला ते अंगावर येतं, आणि पूर्वी कुणी वाईट हात लावलेला असेल तर फारच. तेलाची वाटी, उटणं आणि साबण त्याच्या हातात द्या, दार आतून लावू द्या. ओवाळणं नंतर, कपडे घालून.

फटाके: मूल हौसेने उडवेल किंवा दचकून पलंगामागे जाईल, दोन्ही होऊ शकतं. कुठल्या खोलीत आवाज सगळ्यात कमी येतो ते बघून ठेवा, आणि ‘इतका मोठा झालास तरी घाबरतोस?’ हे कुणालाही बोलू देऊ नका.

फराळाचे डबे वरच्या फळीवर नकोत. उशीखाली करंज्या, दप्तरात चकल्या सापडल्या तर ओरडू नका. वर्षानुवर्षं मोजून मिळालेल्या खाण्याची ती सवय आहे. त्याच्या नावाचा एक छोटा डबा करा, रिकामा झाला की न विचारता भरा. साठवणं हळूहळू कमी होतं. संस्थेतल्या साध्या जेवणानंतर तुपा-तेलाचा मारा झाला की पोट बिघडतं, म्हणून दुपारी वरणभातच ठेवा.

कपडे त्याने निवडायचे. दिवाळीआधीच्या रविवारी दादरला नेऊ नका, आठवड्यातल्या सकाळी न्या आणि ‘आठशेपर्यंत’ असा आकडा आधी सांगा. मोबाइल ही पहिल्या दिवाळीची भेट नको. तो पुढे काढून घ्यायची वेळ आली की भांडण मोबाइलचं राहत नाही. त्यापेक्षा दोन-तीनशे रुपये हातात द्या आणि हिशोब मागू नका.

पाहुणे दिवसाला दोन घरांपेक्षा जास्त नकोत. कंटाळा आला की म्हणायचा एखादा परवलीचा शब्द ठरवा. तो ऐकला की कारण न विचारता घरी निघायचं. सुरुवातीचे काही आठवडे मूल पाहुण्यासारखं गोड वागतं. चिडचिड, खोटं बोलणं, दार आपटणं सुरू झालं की दिवाळी बिघडली असं समजू नका. इथे टिकायचं की नाही, याची ती चाचपणी असते.

११. मुलीचा सख्खा भाऊ दुसऱ्या संस्थेत आहे. भाऊबीजेला काय करावं?

रेफरलच्या वेळीच विचारा: भावंडं आहेत का, कुठे आहेत, त्यांच्यात बोलणं आहे का. भावंडं दत्तकमुक्त असतील तर शक्यतो एकत्रच दिली जातात. वेगळी असतील तर त्यामागे काहीतरी कारण असतं, वय किंवा कायदेशीर स्थिती, आणि ते समाजसेविका सांगू शकते.

भेट घालायची असेल तर दिवाळीच्या पंधरा दिवस आधी दोन्ही संस्थांना लेखी विचारा. बाल कल्याण समितीची परवानगी लागेल का ते संस्थाच सांगेल. भेट शक्य नसेल तर व्हिडिओ कॉल, तेही नसेल तर पाठवलेला डबा आणि तिच्या हाताने लिहिलेलं पत्र. तुमच्या मुलाला तिने ओवाळावं हा आग्रह या वर्षी सोडा. तिने आपणहून ताट घेतलं तर घेतलं.

१२. आमचा नऊ वर्षांचा मुलगा रुसतो, ‘तिलाच सगळं’ म्हणतो.

बरोबरच म्हणतो बहुधा. भेटींची संख्या सारखी ठेवा आणि त्याची एखादी जुनी परंपरा, कंदील बाबांबरोबर बांधणं किंवा किल्ला करणं, त्याचीच राहू द्या. ‘ताईला पण घे’ म्हणू नका. संमतीबद्दल प्रश्न ४ पाहा.

१३. मूल मिशनरी संस्थेत वाढलं आहे आणि आमच्या घरी गणपती. सासूबाई जात-कूळ विचारतात.

मुलाला नाताळ हवा असेल तर नाताळ करा. गायीगुरांसह गोठा मांडायला वांद्र्याच्या बाजारात सगळं मिळतं, आणि मध्यरात्रीच्या मिसाला जायचं असेल तर सोबत जा. आरतीला उभं राहणं ऐच्छिक ठेवा; पंधरा वर्षांचं मूल टाळ वाजवत मागे उभं राहिलं तरी खूप.

सासूबाईंना सांगा की दत्तक आदेशानंतर मूल कायद्याने या घरचं होतं, पोटच्या मुलाचे सगळे हक्क त्याला मिळतात. कुळाचा प्रश्न मुलासमोर निघता कामा नये. त्यावर घरात एकमत होत नसेल तर ते होम स्टडीत सांगा, लपवू नका.

१४. मूल दहावीत आहे. बोर्डाचा फॉर्म दिवाळीच्या आसपास भरायचा आहे आणि आदेश झालेला नाही. नाव कुठलं?

कागदोपत्री जे आहे तेच. अंदाजाने तुमचं आडनाव लावू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरशी फॉर्म जुळला नाही तर हॉल तिकिटापासून घोळ सुरू होतो. मुख्याध्यापकांना परिस्थिती लेखी कळवून ठेवा. आदेश आल्यावर आधी नवा जन्मदाखला, मग आधार, मग जनरल रजिस्टर, या क्रमाने जा. मूल त्या शाळेत असेपर्यंत नावातला बदल त्या मानाने सोपा असतो. शाळा सोडल्याचा दाखला निघाल्यावर तेच काम फार किचकट होतं. म्हणून अकरावीचा प्रवेश झाला की बघू, असं करू नका.

२०२१च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, दत्तक आदेशाचं काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. तुमची फाइल कुठे जाते आणि दिवाळीच्या सुट्टीत ती कुणाच्या टेबलावर असेल, हे संस्थेकडून आधी विचारून घ्या.

१५. घरी येऊन महिना झाला आणि मूल म्हणतं, मला दिवाळी संस्थेतच करायची आहे.

एक दुपार घेऊन जा. तिथे त्याचे मित्र आहेत, ज्यांच्याशिवाय त्याने एकही दिवाळी केलेली नाही. संस्थेला आधी कळवा, सगळ्यांना पुरेल एवढा फराळ न्या, आणि परत यायची वेळ निघतानाच सांगा. नवे महागडे बूट त्या दिवशी नकोत; मागे राहिलेल्या मुलांना ते दिसतात. येताना मूल गप्प बसलं तर बसू द्या.

१६. आम्हाला आवडलेला मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा आहे. वेळ आहे का?

कमी आहे. बाल न्याय कायद्याखालचं दत्तक अठरा पूर्ण होण्याआधीच. इथे सणाची एकही सुट्टी परवडणारी नाही. संस्था आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष दोघांनाही जन्मतारीख ठळक लिहून पत्र द्या. हिंदू दत्तक कायदा १९५६चा आडमार्ग सुचवणारे भेटतील, पण त्यात सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांची अट आहे.

अठरा उलटले तर कायदेशीर दत्तक होणार नाही. मात्र संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे नंतरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे, आणि तो सज्ञान असल्याने त्याच्या मर्जीने तुमच्या घरी राहू शकतो. वारसा द्यायचा असेल तर मृत्युपत्र करा.

१७. दिरांची मुलगी आहे, दोघंही आई-वडील गेले. तीही पोर्टलवरूनच?

नोंदणी पोर्टलवर, पण रांग नाही आणि वयाच्या बेरजेची अटही नाही. काका, काकू, मामा, मावशी, आत्या, आजी-आजोबा हे या नियमात ‘नातेवाईक’, चुलतभाऊ-बहीण नाही. आई-वडील नसल्याने बाल कल्याण समितीची परवानगी लागते आणि मुलगी पाच वर्षांवरची असल्याने तिची संमतीही. ती आधीच तुमच्या घरी असेल तर प्रश्न ६ मधला रजेचा पेच येत नाही. वर्षाच्या आतला सण असेल तर कंदील लावायचा की नाही, हे तिला विचारा.

१८. भेट झाली आणि मुलानेच नकार दिला. कपडे, कंदील सगळं आणून झालं होतं.

त्याचा नकार ग्राह्य धरलाच जातो. मोठ्या मुलाच्या संमतीशिवाय प्रक्रिया पुढे जात नाही. ‘दिवाळीनंतर पुन्हा विचारा’ असा दबाव संस्थेवर आणू नका. नकाराचं कारण समाजसेविकेला विचारा. पुष्कळदा ते तुमच्याबद्दल नसतंच: शाळा सुटेल, धाकटी बहीण मागे राहील, आई परत येईल अशी आशा. तुमची नोंदणी कायम राहते का आणि पुढचा रेफरल कधी, याची खात्री ‘कारा’च्या १८००-११-१३११ या निःशुल्क क्रमांकावर करून घ्या. कपड्यांवरचे टॅग काढले नसतील तर दुकानदार बदलून देतात.